सूची बिघडली की कुठे बघायचं: मॅटप्लॉटलिबमधल्या लेजेंडची दुरुस्ती, पायरी पायरीने

घणसोलीत आमच्या सोसायटीच्या दोन विंग आहेत. एका वार्षिक सभेसाठी मी पाण्याच्या मीटरचे बारा महिन्यांचे आकडे घेऊन पायथनमध्ये आलेख काढला. दोन रेघा, एक निळी, एक केशरी, आणि कोपऱ्यात कोणती रेघ कुणाची ते सांगणारी सूची. सभेत तो पडद्यावर लागला आणि बी विंगच्या लोकांना बराच वेळ ऐकून घ्यावं लागलं, पाणी तुम्हीच जास्त उडवता म्हणून. त्या रात्री बी विंगमधले एक निवृत्त काका वही घेऊन आमच्या दारात आले. दर महिन्याच्या एक तारखेला त्यांनी मीटर स्वतः वाचून लिहून ठेवला होता. त्यांची वही आणि माझी फाइल तंतोतंत जुळत होती. रेघाही बरोबर होत्या. उलटी लागली होती ती फक्त सूचीतली नावं.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर माफी मागितली, दुरुस्त आलेख छापून बी विंगच्या फलकावर लावला. पण सभेत जे बोललं गेलं ते परत घेता येत नाही. तेव्हापासून ऐरोलीला शनिवारी जी मुलंमुली माझ्याकडे डेटा विश्लेषण शिकायला येतात, त्यांना मी आलेखाइतकीच सूची गंभीरपणे शिकवते. त्यांच्या चुका आणि माझ्या चुका मिळून हा लेख झाला आहे.

शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात नकाशाच्या कोपऱ्यात 'सूची' असायची, आठवतं? निळी रेघ म्हणजे नदी, काळी-पांढरी म्हणजे लोहमार्ग. इथेही तेच. म्हणून आलेखाच्या कोपऱ्यातल्या या खुणांना मी सूची म्हणेन आणि ती काढणाऱ्या आज्ञेला लेजेंड. आज्ञा इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. कीबोर्डवर त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या.

पायरी १: आवृत्ती बघा

मॅटप्लॉटलिब म्हणजे पायथनमध्ये आलेख काढायची लायब्ररी. काहीही दुरुस्त करण्याआधी तिची आवृत्ती छापून घ्या: मॅटप्लॉटलिब, मग टिंब, मग दोन अंडरस्कोर, व्हर्जन, पुन्हा दोन अंडरस्कोर. इंटरनेटवर सापडणारी कित्येक उत्तरं जुन्या आवृत्त्यांसाठी लिहिलेली आहेत. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या २.० मध्ये सूचीचं मूळ वागणंच बदललं. आधी ती वर उजवीकडे बसायची, तेव्हापासून स्वतःच मोकळी जागा शोधते. पुढे ३.७ मध्ये सूचीतल्या नमुन्यांचं लेजेंडहँडल्स हे नाव बदलून लेजेंड_हँडल्स झालं, आणि काही काळाने जुनं नाव काढून टाकलं गेलं. 'असा गुणधर्म नाही' अशी तक्रार आली, तर चूक तुमची नसून उत्तराच्या वयाची असू शकते.

पायरी २: सूची नक्की काय वाचते ते समजून घ्या

ही पायरी नीट बसली की पुढच्या निम्म्या अडचणी आपोआप सुटतात. सूची तुमचा डेटा वाचत नाही. तुमच्या फाइलमधल्या स्तंभाचं नाव ठाणे आहे की बेलापूर, तिला ठाऊक नसतं. आलेखावर काढलेल्या प्रत्येक वस्तूवर, म्हणजे रेघेवर, ठिपक्यांच्या संचावर, स्तंभांच्या गटावर, एक चिठ्ठी असते. त्या चिठ्ठीचं नाव लेबल. एक आलेख ज्या जागेत काढला जातो तिला मी चौकट म्हणते. लेजेंड ही आज्ञा चालते त्या क्षणी, त्या चौकटीत ज्या वस्तू आहेत, त्यांच्या चिठ्ठ्या ती गोळा करते.

म्हणून बिघाड झाला की तीनच प्रश्न विचारायचे. चिठ्ठी लावली होती का? आज्ञा दिली तेव्हा वस्तू काढून झाली होती का? आणि आज्ञा योग्य चौकटीला दिली का?

सरावासाठी दोन ठिकाणच्या पावसाचे बारा आकडे मनाने घ्या आणि एवढं लिहा (पीएलटी हे मॅटप्लॉटलिबच्या पायप्लॉट या भागाचं छोटं नाव, फिग म्हणजे अख्खा कागद, एएक्स म्हणजे त्यावरची चौकट):

फिग, एएक्स = पीएलटी.सबप्लॉट्स()
एएक्स.प्लॉट(महिने, ठाणे, लेबल='ठाणे')
एएक्स.प्लॉट(महिने, बेलापूर, लेबल='बेलापूर')
एएक्स.लेजेंड()

अवतरणातली नावं आत्ता इंग्रजीतच लिहा. देवनागरीची वेगळी गोष्ट आहे, ती पायरी ९ मध्ये येईल. हे चाललं, सूची दिसली, की आता आपण मुद्दाम एकेक गोष्ट बिघडवणार आहोत. मी वर्गात असंच करते. बिघाड स्वतःच्या हाताने घडवला की तो पुढे ओळखता येतो.

पायरी ३: सूचीच दिसत नाही, किंवा रिकामी चौकट दिसते

शेवटची ओळ काढून टाका. लेबल दिलेलं आहे, पण सूची नाही. नवख्यांची सर्वांत मोठी समजूत ही, की लेबल दिलं म्हणजे सूची येणारच. लेबल फक्त चिठ्ठी लावतं; सूची मागावी लागते.

आता ती ओळ परत आणा आणि दोन्ही लेबलं काढा. कोपऱ्यात सूचीची लहानशी रिकामी चौकट येईल आणि खाली सूचना येईल, की सूचीत ठेवण्याजोगं लेबल असलेलं काही सापडलं नाही. त्याच सूचनेत पुढे अंडरस्कोरबद्दल एक वाक्य असतं, जे कोणी वाचत नाही. अंडरस्कोरने सुरू होणारं प्रत्येक लेबल सूची मुद्दाम वगळते. तुम्ही लेबल दिलं नाहीत तर मॅटप्लॉटलिब स्वतः अंडरस्कोरने सुरू होणारं नाव लावून ठेवते, म्हणून लेबल नसलेली रेघ सूचीत येत नाही. पण तुमच्या स्तंभाचंच नाव अंडरस्कोरने सुरू होत असेल, आणि तेच तुम्ही लेबल म्हणून दिलं असेल, तर ती रेघ काही न बोलता गायब होते. शीटमधून आपोआप आलेल्या स्तंभांत असं होतं. लेबल देण्याआधी पुढचा अंडरस्कोर कापून टाका.

याचा उपयोगही आहे. सरासरीची आडवी रेघ सूचीत नको असेल तर तिच्या लेबलच्या आधी अंडरस्कोर द्या.

मग तिसरा बिघाड: एएक्स.लेजेंड() ही ओळ उचलून दोन प्लॉटच्या मधे ठेवा. सूचीत फक्त ठाणे येईल. बेलापूरची रेघ दिसेल, पण सूचीला ती माहीत नाही, कारण सूची तिच्या आधी तयार झाली. लेजेंड नेहमी सगळं काढून झाल्यावर, शेवटी. नंतर एखाद्या रेघेचं लेबल सेट_लेबलने बदललंत तर लेजेंड पुन्हा बोलवावी लागते.

पायरी ४: सूची भलत्याच चौकटीत गेली

शेजारी शेजारी दोन आलेख काढता, डावीकडे ठाणे, उजवीकडे नवी मुंबई. शेवटी पीएलटी.लेजेंड() लिहिता आणि सूची फक्त उजवीकडे येते.

कारण समजून घेण्यासाठी थोडा इतिहास. मॅटप्लॉटलिब जॉन हंटर यांनी सुरू केलं, २००३ मध्ये ते बाहेर आलं. ते मेंदूशास्त्राचे संशोधक. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संकेत बघण्यासाठी त्यांना साधन हवं होतं, आणि सवय मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरची होती. म्हणून पीएलटी ही पद्धत मॅटलॅबसारखी आहे: 'सध्याची चौकट' नावाची एक गोष्ट मनात धरलेली असते आणि आज्ञा तिलाच जाते. सबप्लॉट्सने दोन चौकटी एकदम बनवल्या की सध्याची चौकट म्हणजे शेवटची. तुम्ही पुढे एएक्स१, एएक्स२ अशा नावांनी काम केलंत तरी ती बदलत नाही.

हंटर २०१२ मध्ये गेले. त्यांनी मोकळेपणाने वाटून दिलेल्या साधनावर आज ऐरोलीतल्या माझ्या वर्गातली मुलं शिकतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

उपाय सोपा: चौकटीला नावाने हाक मारा. एएक्स१.लेजेंड(), एएक्स२.लेजेंड(). दोन्हींत त्याच रेघा असतील आणि एकच सूची हवी असेल तर एकाच चौकटीला आज्ञा द्या. फिग.लेजेंड() सगळ्या चौकटींतल्या चिठ्ठ्या गोळा करते, पण मग प्रत्येक नाव दोनदा येतं, त्यावरचा उपाय पायरी ६ मध्ये आहे.

पायरी ५: नावं उलटी लागली

माझी चूक ही. शीटमध्ये बी विंगचा स्तंभ आधी होता. मी रेघा त्याच क्रमाने काढल्या, लेबल दिलं नाही, आणि खाली लिहिलं:

एएक्स.लेजेंड(['ए विंग', 'बी विंग'])

अशी यादी दिली की मॅटप्लॉटलिब पहिलं नाव पहिल्या काढलेल्या वस्तूला देते, दुसरं दुसरीला. तपासत काहीच नाही. तपासणार तरी कशाच्या आधारे? कोणतीही तक्रार येत नाही, आलेख सुबक दिसतो, आणि तो खोटं सांगत असतो. रिकामी चौकट निदान दिसते. हा बिघाड दिसतच नाही, म्हणून सगळ्या बिघाडांत मी याला सर्वांत वाईट मानते.

माझ्या वर्गात नियम आहे: लेजेंडला नावांची यादी द्यायची नाही. नाव तिथेच द्यायचं जिथे रेघ काढली, त्याच ओळीत, डेटाच्या शेजारी. ओळ वर-खाली झाली तरी नाव आणि डेटा एकत्र फिरतात.

यादीचीच आणखी एक फजिती: चौकोनी कंस विसरून नुसतं एएक्स.लेजेंड('ठाणे') लिहिलं, तर पायथन त्या शब्दाचीच यादी करतो, अक्षराअक्षराची. पहिल्या रेघेला 'ठ' मिळतो आणि दुसऱ्या रेघेला नुसता काना. सूचीत एकेकटी अक्षरं दिसली की कारण हेच.

आणि तुम्ही वस्तू स्वतः हातात धरून सूचीला देत असाल तर एक स्वल्पविराम लक्षात ठेवा. प्लॉट ही आज्ञा एक रेघ नाही, रेघांची यादी परत देते, रेघ एकच असली तरी. म्हणून 'रेघ, = एएक्स.प्लॉट(...)' असं, नावापुढे स्वल्पविराम देऊन लिहायचं. तो राहिला तर यादीला सूचीत जागा नाही, अशा अर्थाची सूचना येते.

पायरी ६: एकच नाव बारा वेळा

फॉर लूपमध्ये प्रत्येक वर्षाचे ठिपके काढता आणि प्रत्येक फेरीत लेबल='ठाणे' देता. सूचीत बारा वेळा ठाणे. सूचीने बरोबरच केलं, तुम्ही बारा चिठ्ठ्या लावल्यात. एकतर पहिल्या फेरीतच लेबल द्या, नाहीतर वस्तू (हँडल्स) आणि त्यांच्या चिठ्ठ्या (लेबल्स) आधी हातात घ्या:

हँडल्स, लेबल्स = एएक्स.गेट_लेजेंड_हँडल्स_लेबल्स()
एकेक = डिक्ट(झिप(लेबल्स, हँडल्स))
एएक्स.लेजेंड(एकेक.व्हॅल्यूज(), एकेक.कीज())

डिक्टमध्ये एक नाव एकदाच राहतं, त्यामुळे पुनरावृत्ती गळून पडते. मात्र एकाच नावाच्या वस्तूंचे रंग वेगळे असतील तर शेवटचाच रंग सूचीत उरेल. अशा वेळी आधी रंग का वेगळे आहेत ते शोधा.

पायरी ७: दोन उभे अक्ष आणि अर्धी सूची

नवी मुंबईत हा आलेख कधीतरी काढावाच लागतो: पाऊस आणि मोरबे धरणाची पातळी एकत्र. पाऊस मिलिमीटरमध्ये, पातळी मीटरमध्ये, आणि ८८ मीटरला धरण भरतं. एका अक्षावर दोन्ही बसत नाहीत, म्हणून डावीकडे पावसाचे स्तंभ आणि एएक्स.ट्विनएक्स() करून उजवीकडे पातळीची रेघ.

मग एएक्स.लेजेंड() दिलं की सूचीत फक्त पाऊस. कारण ट्विनएक्स एक नवी चौकट बनवते, पहिलीच्या बरोबर वर ठेवलेली, काचेवर काच ठेवावी तशी. डोळ्यांना एक आलेख, मॅटप्लॉटलिबला दोन. दोघींना वेगवेगळी लेजेंड दिली तर दोन सूची बहुधा एकमेकींवर बसतात.

दोन्हींकडून चिठ्ठ्या घ्या आणि एकत्र करा:

एच१, एल१ = एएक्स.गेट_लेजेंड_हँडल्स_लेबल्स()
एच२, एल२ = एएक्स२.गेट_लेजेंड_हँडल्स_लेबल्स()
एएक्स२.लेजेंड(एच१ + एच२, एल१ + एल२)

शेवटची आज्ञा एएक्स२ लाच द्यायची. एएक्स२ वरची काच आहे. सूची खालच्या काचेवर काढलीत तर धरणाच्या पातळीची रेघ सूचीवरूनच जाते, आणि झेडऑर्डर, म्हणजे कोणती वस्तू कोणाच्या वर ते ठरवणारा आकडा, कितीही वाढवलीत तरी हटत नाही, कारण झेडऑर्डर आपल्या काचेपुरती चालते. माझ्या एका विद्यार्थिनीची यात अख्खी दुपार गेली होती.

एक अडचण तरीही उरते. जागा सांगितली नाही तर सूची मोकळी जागा शोधते, पण फक्त स्वतःच्या काचेवरच्या वस्तू बघून. खालचे पावसाचे स्तंभ तिला दिसत नाहीत, आणि जुलैच्या उंच स्तंभावर ती खुशाल बसते. इथे जागा हाताने द्या. पाऊस जून ते सप्टेंबर असल्याने जानेवारी-फेब्रुवारीच्या वर, डावीकडचा कोपरा स्तंभांपासून मोकळा असतो. धरणाची रेघ तिथून जात नाही ना, तेवढं बघा.

पांडाज या तक्ते हाताळायच्या लायब्ररीतून, उजव्या अक्षासाठी सेकंडरी_वाय वापरलात तर लेबलापुढे कंसात 'राइट' असं आपोआप चिकटतं. मार्क_राइट=फॉल्स दिलं की जातं.

पायरी ८: सूची आलेखावर बसते, बाहेर नेली तर कापली जाते

जागा देण्यासाठी लॉक, स्पेलिंग एल-ओ-सी, लोकेशनचं लघुरूप. त्याला 'अपर लेफ्ट', 'लोअर राइट' अशा जागा कळतात. काही दिलं नाही तर 'बेस्ट'. थोड्या डेटाला बेस्ट चांगलं. दर दहा मिनिटांचं तापमान वर्षभर घेतलं तर ५२,५६० आकडे होतात. तिथे बेस्ट मंद होतं, आणि तसा इशाराही येतो. जागा स्वतः द्या, फरक लगेच जाणवतो.

सूची आलेखाच्या बाहेर न्यायची असेल तर बीबॉक्स_टू_अँकर. इथे जवळजवळ प्रत्येक जण अडखळतो, म्हणून सावकाश. बीबॉक्स_टू_अँकर हा एक बिंदू आहे. मोजमाप चौकटीच्या भागात: (०, ०) म्हणजे डावा खालचा कोपरा, (१, १) म्हणजे उजवा वरचा. आणि लॉकचा अर्थ आता बदलतो. सूची आलेखात कुठे बसेल ते तो सांगत नाही; सूचीचा स्वतःचा कोणता कोपरा त्या बिंदूवर टेकवायचा, ते सांगतो.

भिंतीवर कॅलेंडर टांगताना जसं. खिळा कुठे ठोकला ते बीबॉक्स_टू_अँकर. कॅलेंडरचा कोणता कोपरा खिळ्याला अडकवला ते लॉक. सूची उजवीकडे बाहेर हवी, तर खिळा (१.०२, १) वर, उजव्या काठाच्या किंचित पलीकडे. आणि सूचीचा डावा वरचा कोपरा त्याला अडकवायचा, म्हणून लॉक='अपर लेफ्ट'. मुलं इथे 'अपर राइट' लिहितात, कारण सूची उजवीकडे हवी असते. मग उजवा कोपरा खिळ्याला लागतो आणि सगळी सूची आलेखाच्या आत लटकते.

यानंतरची तक्रार ठरलेली: 'ताई, नोटबुकमध्ये पूर्ण दिसतं, पण फाइल उघडली तर सूची अर्धी.' ज्युपिटर नोटबुक, म्हणजे ब्राउझरमध्ये पायथन चालवायची वही, चित्र दाखवताना मूळचंच बीबॉक्स_इंचेस='टाइट' वापरतं, म्हणजे बाहेर गेलेली सूची सामावून घेऊन कडा कापतं. आलेख फाइलमध्ये साठवणारी सेव्हफिग ही आज्ञा तसं स्वतःहून करत नाही. ठरलेल्या कागदाच्या बाहेरचं सोडून देतं. म्हणून सेव्हफिगलाही बीबॉक्स_इंचेस='टाइट' द्या. यात फाइलचं माप मात्र बदलतं. अहवालात ठरावीक मापाचं चित्र हवं असेल तर आलेख बनवतानाच पीएलटी.सबप्लॉट्स(लेआउट='कन्स्ट्रेन्ड') लिहा; मग कागद तेवढाच राहतो आणि सूचीला जागा मिळावी म्हणून आलेख आकसतो.

३.७ पासून याहून सरळ वाट आहे. कन्स्ट्रेन्ड लेआउटसोबत फिग.लेजेंड(लॉक='आउटसाइड राइट अपर'). आउटसाइडनंतरचा पहिला शब्द कोणत्या बाजूला जागा करायची ते ठरवतो. 'आउटसाइड राइट अपर' म्हणजे उजवीकडे, 'आउटसाइड अपर राइट' म्हणजे डोक्यावर. नावं बरीच असतील तर सूची खाली आडवी पसरवा, रकाने वाढवून: एनकॉल्स=३ किंवा ४. जुन्या आवृत्तीत हेच एनकॉल.

पायरी ९: देवनागरी नावांच्या जागी चौकोन

आपल्या लोकांसाठी आलेख काढायचा तर नावं मराठीत हवीत. सोसायटीच्या फलकावर, शाळेत, वॉर्डातल्या बैठकीत ती हवीतच. पण पहिल्यांदा लेबल='ठाणे' दिलं की सूचीत चार रिकामे चौकोन येतात. मॅटप्लॉटलिबचा मूळ फाँट डेजाव्हू सॅन्स, आणि त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत.

देवनागरी असलेला फाँट घ्या. नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्ता फुकट मिळतात. विंडोजवर निर्मला यूआय असतो. फाइल उतरवून तिचा पत्ता फाँट_मॅनेजर.फाँटमॅनेजर.अ‍ॅडफाँट(...) ला द्या आणि मग आरसीपॅरॅम्समध्ये, म्हणजे मॅटप्लॉटलिबच्या सेटिंग्जमध्ये, फाँट.फॅमिली ला त्या फाँटचं नाव. नाव फाइलचं नाही, फाँटचं. ३.६ पासून इथे दोन फाँटची यादी देता येते, पहिल्यात अक्षर नसलं की दुसऱ्यात शोधलं जातं. यादीच द्या, म्हणजे उणे चिन्हासारखी एखादी खूण फाँटमध्ये नसली तरी अडत नाही.

फक्त सूचीचा फाँट बदलायचा असेल तर लेजेंडला प्रॉप (फाँटचे गुणधर्म) द्यायचा, पण दोन गोष्टी सांभाळा. प्रॉप दिला की फाँटसाइझकडे दुर्लक्ष होतं. आकार प्रॉपच्या आतच द्यावा लागतो. आणि सूचीच्या शीर्षकाला प्रॉप लागू होत नाही, नावं नीट आणि वर शीर्षकात चौकोन असं दिसतं. शीर्षकासाठी वेगळा टायटल_फाँटप्रॉपर्टीज आहे.

फाँट लागला म्हणजे सुटलो, असं नाही. मी वापरलेल्या आवृत्त्यांत मॅटप्लॉटलिब अक्षरं एकापुढे एक ठेवत जाते, जोडाक्षरं जुळवत नाही. ठाणे, ऐरोली, रबाळे, वाशी, बेलापूर चांगली येतात. दिघा लिहिलं की पहिली वेलांटी 'द'च्या नंतर जाऊन बसते. तुर्भेचा रफार सुटतो, खांदेश्वरच्या 'श्व'मध्ये पाय मोडलेला 'श' उघडा पडतो. दिघ्याच्या मुलाने स्वतःच्या गावाचं नाव असं मोडलेलं पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. त्या दिवशी आम्ही वर्ग संपेपर्यंत यावरच बसलो.

आमच्या हाती लागलेला सर्वांत सोपा मार्ग असा. आरसीपॅरॅम्समध्ये एसव्हीजी.फाँटटाइप ला 'नन' द्या आणि आलेख एसव्हीजी फाइल म्हणून साठवा. मग मॅटप्लॉटलिब अक्षरांची चित्रं काढत नाही, मजकूर मजकूर म्हणूनच फाइलमध्ये ठेवते. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडली की ब्राउझर स्वतः जोडाक्षरं जुळवतो, आणि त्याला देवनागरी नीट येते. दिघा दिघाच दिसतं. तिथून छापा किंवा पीडीएफ करा. सूचीची चौकट थोडी रुंद किंवा अरुंद पडू शकते, कारण मॅटप्लॉटलिबने रुंदी आपल्या हिशेबाने मोजलेली असते. ज्या यंत्रावर फाइल उघडाल तिथे तो फाँट असायला हवा. आणि पीएनजीच हवी असेल, तर एमपीएलकैरो हा वेगळा बॅकएंड, म्हणजे चित्र प्रत्यक्ष रंगवणारा भाग, राक्म नावाच्या लायब्ररीच्या मदतीने जोडाक्षरं जुळवू शकतो. तो बसवायला थोडी खटपट पडते.

पायरी १०: किरकोळ, पण नेहमी विचारलं जाणारं

ठिपक्यांच्या आलेखात रंग गटाप्रमाणे दिलेत, तरी सूचीत एकच ओळ येते, कारण एका स्कॅटरला, म्हणजे ठिपके काढणाऱ्या एका आज्ञेला, एकच चिठ्ठी. ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांच्या नोंदी, मोठा रोहित आणि छोटा रोहित अशा दोन रंगांत काढायच्या तर सर्वांत सुरक्षित म्हणजे दोन वेगळे स्कॅटर, दोन लेबलं. एकाच स्कॅटरमधून हवं असेल तर लेजेंड_एलिमेंट्स() आहे, पण ती अंक देते, पक्ष्यांची नावं तुम्हालाच लावावी लागतात, आणि तिथे पायरी ५ मधला धोका परत येतो.

ठिपके सूचीत फार बारीक दिसले तर मार्करस्केल वाढवा. रेघा फिकट ठेवल्या असतील तर सूचीतल्याही फिकट दिसतात. लेजेंड_हँडल्सवर लूप फिरवून सेट_अल्फा(१) द्या. एकाच चौकटीत दुसरी लेजेंड दिली की पहिली पुसली जाते. पहिली नावात धरून एएक्स.अ‍ॅड_आर्टिस्टने परत ठेवा. सीबॉर्न ही मॅटप्लॉटलिबवर उभी असलेली लायब्ररी; तिच्या हिस्टप्लॉटची सूची हलवायला पुन्हा एएक्स.लेजेंड() देऊ नका, ती रिकामी होते. सीबॉर्नची मूव्ह_लेजेंड वापरा.

आणि रंग. मॅटप्लॉटलिबकडे मूळचे दहा रंग आहेत, अकराव्या रेघेला पहिला परत येतो. ठाणे ते पनवेल ट्रान्सहार्बरवर पंधरा स्थानकं आहेत. क्रमाने पंधरा रेघा काढल्यात तर ठाणे आणि बेलापूर एकाच निळ्यात येतात, दिघा गाव आणि खारघर एकाच केशरी रंगात. सूचीत पंधराही नावं शिस्तीत असतात, फक्त कोणती रेघ कोणाची ते कळत नाही. तिथे सूची दुरुस्त करत बसू नका. रेघा कमी करा, किंवा लहान लहान चौकटींत वाटा.

पायरी ११: काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर बघा

आपल्याकडे आलेख शेवटी झेरॉक्सच्या दुकानातून फलकावर जातो, आणि निळा, केशरी दोन्ही करडे होतात. फाइल पाठवण्याआधी एकदा काळ्या-पांढऱ्यात छापून बघा. रेघांना वेगळी शैली द्या, एक सलग, एक तुटक. सूचीतला नमुना लहान असल्याने तुटक रेघही तिथे सलग वाटू शकते. हँडललेन्थ, म्हणजे त्या नमुन्याची लांबी, मूळचं २ असतं, ते ४ करा.

रेघा दोन-तीनच असतील तर मी आता सूची काढतच नाही. एएक्स.अ‍ॅनोटेटने प्रत्येक रेघेच्या उजव्या टोकाशी तिचं नाव लिहिते, नाव आणि जागा दोन्ही त्याच स्तंभातून घेऊन. आमच्या लिफ्टशेजारच्या फलकावर या वर्षीचा पाण्याचा आलेख तसाच लागला आहे. लावण्याआधी काकांनी वही उघडून बाराही महिने जुळवून घेतले.